गप्प बसायला शिकलेला बाक

मित्रांनो, मी बाक आहे. चार माणसांचा, सागवानी आणि आता बराच जुना. एक गोष्ट आधीच कबूल केलेली बरी: मी पक्का चोंबडा होतो. त्यात माझा फारसा दोष नाही. रेवदंड्याच्या एका सुताराने होडीच्या दुरुस्तीतून उरलेल्या फळ्यांपासून मला बनवले आणि थेट दयारामच्या सलूनमध्ये नेऊन ठेवले. तिथे बावीस वर्षे, आपला नंबर येईपर्यंत, माणसे माझ्यावर बसून गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाचा मुलगा आखातातून परत का आला, सगळे मला ठाऊक असे. पुढे दयारामने गुबगुबीत सोफा घेतला आणि मी परसात, मासळीच्या रिकाम्या क्रेटखाली जाऊन पडलो. चार पावसाळे कुणाचा शब्द कानी पडला नाही. फार वाईट गेले ते दिवस.

तिथून मला जागृतीने आणले. ही कोळ्यांची मुलगी. समुपदेशनाचा अभ्यासक्रम पुरा करून तिने बाजारामागे एक खोली भाड्याने घेतली होती. खोली बाबाजींची. त्यांचे तीन ट्रक आहेत आणि ट्रकांना हॉर्न नसला तरी चालेल असा त्यांचा आवाज. दिवाळीपर्यंत माणसे यायला लागली नाहीत, तर पनवेलला कारकुनीची नोकरी धरायची, असे जागृतीने घरी कबूल केले होते. तिने मला पॉलिश केले, हलणाऱ्या पायाला खिळा ठोकला आणि आम्ही दोघे वाट पाहत बसलो.

कुणी येईना. जागृती शाळेच्या पालकसभेत बोलली, बचत गटात बोलली, बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसली. "आमाला काय येड लागलंय?" म्हणून त्या हसल्या. तीही हसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

अखेर एक बाई आल्या. जागृतीने पाणी दिले आणि रीतीप्रमाणे विचारले, "तुम्ही कुणाच्या घरातल्या?" आमच्याकडे हे विचारल्याशिवाय माणूस ओळखीचे होत नाही. घराचे नाव कळताच तिला कोण आनंद झाला! तिचे वडील त्याच घरच्या होडीवर जात असत. ती भरभरून बोलू लागली, कोण कुणाचे काय लागते ते सांगू लागली. बाईंनी पाणी संपवले, सहज आले होते म्हणाल्या आणि निघून गेल्या. पुन्हा काही त्या आल्या नाहीत.

जागृती दर गुरुवारी अलिबागला कल्पितामॅडम या अनुभवी समुपदेशक बाईंकडे जाई. आपले कुठे चुकते हे दाखवून घ्यायला, नावे न सांगता. त्या गुरुवारी परत आली ती पडेल चेहऱ्याने. माझ्यावर बसून तिने मॅडमचा प्रश्न मोठ्याने म्हटला, "ती बोलायला आली होती, की नातं लावायला?" मग ती रडली. मलाही माझी लाज वाटली, कारण मी सुद्धा त्या घराच्या भानगडी ऐकायला टपलो होतो.

पण ही मुलगी हार मानणारी नव्हती. मोबाईलवर वेळ लावून ती गप्प बसायचा सराव करू लागली. सल्ला ओठावर आला की ओठ मिटायची. घर, आळी, आडनाव विचारणे तिने सोडले. समोरची खुर्चीही काढून टाकली आणि ती येणाऱ्याच्या शेजारी, माझ्यावरच बसू लागली. समोर बसले की आमची माणसे जबाब देतात, शेजारी बसले की बोलतात, हे तिचे तिलाच कळले. श्रावणात एकजण आला. त्याने दुसऱ्याला पाठवले. गणपतीनंतर आठवड्याला पाच माणसे येऊ लागली.

आणि एके दिवशी बाबाजी आले. त्यांची सून ऋतिका इथे येते असा त्यांना संशय होता. ती येत होती की नाही, ते मी तुम्हालाही सांगणार नाही.

"मना सांग, सून काय बोलते इथं?"

"काका, कोण येतं, काय बोलतं, ते मी कुणालाच सांगत नाही."

"खोली माजी हाय."

"खोली तुमचीच आहे, काका. म्हणाल तेव्हा रिकामी करते. पण सांगणार नाही."

बाबाजी दार आपटून गेले. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती आणि तालुक्यात बाबाजींना दुखवून दुसरी खोली मिळणे कठीण होते. तिने कागद पिशवीत भरले, तरी आलेल्या माणसांसाठी रोज दार उघडत राहिली.

आठव्या दिवशी बाबाजी पुन्हा आले. जागृतीने उठून चावी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. दार लोटून घेतले, माझ्या कडेला बसले आणि त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाले, "आनि मी काय बोललो, तर त्ये बी न्हाय सांगनार कुनाला?"

"नाही, काका."

ती त्यांच्या शेजारी बसली. काही विचारले नाही.

हे मी सांगतो आहे, कारण पुढे बाबाजींनीच भर बाजारात आपल्या त्या आवाजात सांगून टाकले, "मी तिथं जातो, बोललेलं पोरीच्या पोटात ऱ्हातं." आता खोलीबाहेर आणखी एक बाक ठेवावा लागला आहे.

मित्रांनो, मला वर्षातून एकदा तेल-पाणी करा, पावसात ठेवू नका, एवढे माझे मागणे आहेच. पण त्याहून मोठे मागणे असे, की कुणी तुमच्या शेजारी बसून मन मोकळे केले, तर ते जपा. बाबाजी त्या दिवशी पाऊण तास बोलले. त्यातला एक शब्दही तुम्हाला माझ्याकडून कळणार नाही.