चकत्या धुण्याचं पाणी

सोमनाथने कॅनचं झाकण फिरवलं आणि आतलं डिस्टिल्ड वॉटर स्वतःच्या बाटल्यांत ओतून घेतलं. दुष्काळात पाणी मोरीत सोडण्याचं पाप काही त्याच्याच्याने झालं नसतं. मग रिकामा कॅन त्याने टाकीच्या नळाखाली धरला. टाकीत टँकरचं बोअरवेलचं पाणी होतं, इतकं जड की बादल्यांना पांढरा थर धरायचा. भरलेला कॅन त्याने दिपालीच्या टेबलाखाली नेऊन ठेवला.

दोघं एकाच सरांकडे पीएच.डी. करत होते. शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या सच्छिद्र चकत्या बनवायच्या, मोडक्या हाडाच्या जागी बसवायच्या आणि त्यांच्यावर नवं हाड धरू द्यायचं, असं ते काम. पण चकती पडली गुळगुळीत. पेशी तिच्यावर अळवावरच्या पाण्यासारख्या. म्हणून ती अल्कलीत बुडवून खरबरीत करायची आणि शुद्ध पाण्याने धुवायची. सोमनाथच्या चकत्यांवर तरीही पेशी टिकत नव्हत्या. दिपालीच्या टिकू लागल्या होत्या, आणि बंगळुरूच्या परिषदेसाठी सरांनी तिचंच नाव पाठवलं होतं.

सोयगावकडच्या मेंढपाळाची पोर विमानाने जाणार, आणि पैठणच्या बागायतदाराचा मुलगा औरंगपुऱ्याच्या दुकानातून मोटारसायकलवर कॅन वाहणार! नळाला पाणी नाही म्हणून विभागातलं ऊर्ध्वपातनाचं यंत्र बंद पडलेलं, टँकर आधी नव्या सोसायट्यांकडे वळायचे, आणि कॅन आणायचं काम सरांनी सोमनाथच्या गळ्यात घातलेलं. त्याच्या पोटात दुखत होतं, आणि ते ओवा खाऊन थांबणारं नव्हतं.

पण करायला गेला एक आणि झालं भलतंच. त्या खेपेला दिपालीच्या चकतीवर पेशी कधी नव्हत्या इतक्या दाट धरल्या. सरांनी सोमनाथलाही सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावलं.

"बघ, याला म्हणतात काम!"

भिंगाला डोळा लावल्या लावल्याच त्याला उमगलं. जड पाण्यातला चुना चकतीवर बसला होता, आणि हाडाच्या पेशींना आणखी काय हवं? शोध खरं तर त्याचा होता. पण मिरवायचा तर आधी लबाडी कबूल करायला हवी होती. तो पुढचे कॅन शुद्धच आणत राहिला.

साहजिकच दिपालीला तो निकाल पुन्हा मिळेना. सरांचा आवाज चढला.

"एकदाच आला तो निकाल नव्हे. आकडे फुगवले नाहीस ना? सोमवारपर्यंत पुन्हा दाखव, नाहीतर नाव मागे घेतो."

"सर, मी खोटं लिहिलेलं नाय," एवढंच ती म्हणाली.

ती खोटारडी ठरत होती. सोमनाथला हवं ते मिळालं होतं, तरी तिच्या टेबलाकडे बघणं तो टाळू लागला होता. शेवटी एका दुपारी त्याने टाकीवर कॅन भरला आणि तिच्यासमोर आणून ठेवला.

"यानं धू."

"टाकीचं हाय ना?"

"व्हय."

दिपाली चकत्यांचा ट्रे पुसत होती. तिचा हात थांबला नाही.

"मागंबी हेच होतं. ट्रे वाळल्यावर पांढरा थर दिसला होता. आमच्या मेंढ्यांच्या कुंडीला अस्साच धरतो."

"मग सरांना का नाय सांगितलंस?"

"टाकीचं पाणी वहीत लिहिलं असतं तर ते कसं आलं हे सरांनी इचारलं असतं. अन् कॅन कोण आणतं ते सरांना ठावं हाय."

तिने कॅन उचलला, आपल्या भांड्यात थोडं पाणी ओतलं, मग दुसरं भांडं पुढे ओढून त्यातही ओतलं.

"सरांना काय सांगायचं ते तू ठरव. अन् तुझ्याबी चकत्या आण. संगंच धुऊ."

सोमनाथ चकत्या आणायला वळला. मोठं मनसुद्धा हिलाच मिळावं! त्याच्या पोटात पुन्हा दुखू लागलं होतं.