खारी मारायची बंदूक

ऑर्व्हिल झॅस्ट्रोनं आपली थर्टी-ओ-सिक्स रायफल सुनेला देऊन टाकायचं मनोमन ठरवलं होतं, आणि सूनबाईला ती नकोच होती. हरणांचा हंगाम अकरा दिवसांवर आलेला. मार्लिस वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच शिकारीला निघाली होती, आणि सासऱ्याला न विचारता तिनं गावातल्या बंदुकांच्या दुकानातून एक हलकी टू-फोर्टी-थ्री रायफल उचलून आणली होती.

"हिनं काय खारी मारणार आहेस?" नेमाच्या सरावासाठी खडीच्या खाणीत आल्यावर गाडीतून उतरताना ऑर्व्हिल म्हणाला. "आपल्या घरात तीन पिढ्या थर्टी-ओ-सिक्सच चालते."

"तीन पिढ्या खांदेही दुखतायत, डॅड. तुमचा लेक कर्ट हंगाम संपला की आठवडाभर डाव्या हातानं दात घासतो."

"बाराच्या धक्क्याची सवय होते. आणि एवढीशी गोळी हरणाला पुरणार आहे का?"

"जागेवर बसली तर पुरते. तुमची मी रविवारी उडवली ना, चाप ओढताना डोळेच मिटले माझे. असे डोळे मिटून हरणाच्या पोटात गोळी घालायची, आणि ते बिचारं दलदलीत तडफडत पडणार. ते माझ्याच्यानं नाही व्हायचं."

ऑर्व्हिल लाकडी फळीवर कागदी निशाण लावायला गेला आणि उगाचच तिथं रेंगाळला.

मागच्या वर्षी त्याच्या हातून नेमकं हेच झालं होतं. आठ टोकांच्या शिंगांचा नर, साठ पावलांवर, आडवा उभा. शेंबड्या पोराचाही चुकू नये असा नेम, आणि गोळी गेली पोटात. दोन दिवस त्यानं दलदल पालथी घातली. थोडं रक्त आणि थोडे केस सापडले, हरीण नाही. घरी येऊन त्यानं सांगितलं, मध्ये फांदी आली. वर्षभर ते हरीण काही त्याच्या डोळ्यांपुढून हललं नाही. बहात्तरी गाठली, हाताचा नेम गेला, आता आपण जंगलात पाऊल टाकू नये, असं त्याच्या मनानं घेतलं. बंदूक सुनेला द्यायची, गुडघ्याचं निमित्त काढायचं आणि घरी बसायचं. बसवणार नाही हे ठाऊक असूनही.

तो परत आला तेव्हा मार्लिसनं खिशातून उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या काढल्या होत्या.

"दुकानातल्या बाईनं शिकवलंय. मी पाठ फिरवते, तुम्ही बंदूक भरा. कधी खरं काडतूस, कधी रिकामी पुंगळी. मला सांगायचं नाही. पुंगळीवर नळी हलली, तर समजायचं मी धक्क्याला भिते."

ऑर्व्हिलनं तिला पाच वेळा तिची बंदूक भरून दिली. दोनदा नुसतं टिक झालं. नळी तसूभरही हलली नाही.

"आता तुम्ही. तुमच्या बंदुकीनं."

"मी? अगं, पन्नास वर्षं शिकार करतोय मी!"

"मग तर सोपंच आहे."

तिनं भरून दिलेली बंदूक त्यानं खांद्याला लावली, नेम धरला, चाप ओढला.

टिक.

नळी वीतभर खाली गेली होती. डोळे घट्ट मिटलेले, खांदे कानांशी. एरवी बार झाला की हे सगळं त्या आवाजात आणि धक्क्यात झाकलं जायचं. आज झाकायला काहीच नव्हतं. मार्लिस हसली असती तर बरं झालं असतं, पण ती हसली नाही.

"फांदी नव्हती," ऑर्व्हिल म्हणाला.

"कुठली फांदी?"

"मागच्या वर्षीची. मीच डोळे मिटले होते." आणि मग त्यानं सगळं सांगून टाकलं, घरी बसायच्या बेतासकट.

"म्हणून ही माझ्या गळ्यात मारत होतात होय?" तिनं थर्टी-ओ-सिक्स काढून घेतली. "हात गेलेला नाही तुमचा. मला जे होतं तेच तुम्हाला होतंय. तुम्ही फक्त पन्नास वर्षं सोसलंत." तिनं आपली बंदूक भरून पुढं केली. "घ्या. मारा खारी."

आत काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं हळूच चाप दाबला. बार झाला, खांद्यावर कुणी हात ठेवावा एवढाच धक्का बसला, आणि बंदुकीवरच्या दुर्बिणीत शंभर पावलांवरचा कागद थरथरला. तो थरथरताना त्याला दिसला! आजवर त्यानं भोक नेहमी नंतर पाहिलं होतं. त्यानं आणखी चार गोळ्या झाडल्या. पाचही भोकं तळहाताखाली झाकली जातील एवढी जवळ होती. त्याला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. वर्षभराची छातीवरची धोंड उतरली होती, आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही.

गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "ते दुकान कितीपर्यंत उघडं असतं?"

"सहापर्यंत. पण खारीची बंदूक का घेतली म्हणून कर्ट विचारेल. काय सांगाल?"

"सांगेन," ऑर्व्हिलनं गाडी सुरू केली, "की फांदी नव्हती."