तिसऱ्या खांबापाशी

जुने व्हिडिओ गेम नव्या पडद्यावर लोण्यासारखे सरकवणं हा माझा धंदा. चित्र जरा अडखळलं की माझं डोकं फिरतं. वहिनींना ते ठाऊक होतं, म्हणून दादाचा गेम हातात देतानाच त्यांनी बजावलं, "भावोजी, जुनं मशीन दमलंय, नव्यावर घ्या. पण तिसऱ्या दिव्याच्या खांबापाशी रस्ता थोडा अडतो, तेवढ्याला हात लावू नका."

दादा जाऊन तीन वर्षं झाली होती. आयुष्यात त्याने हा एकच गेम लिहिला. एक सायकलवाला आणि मागे सरकणारा रस्ता, बस्स. असली मशीनं अडतात ती पडद्यावर झेपणार नाहीत इतक्या आकृत्या काढाव्या लागल्या की. इथे तर सायकलवाला एकटाच. मला राहवेना.

मी एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिली. एका फ्रेममध्ये, फक्त एकाच, खांबाला टेकून कुणीतरी पाठमोरं उभं होतं. पुढच्या फ्रेममध्ये कुणी नाही. पुन्हा खेळलो, तर ते जरासं वळलेलं. चौथ्या खेपेला चेहरा दिसला. दादा होता. अंगात निळ्या चौकटीचा शर्ट. तो मी त्याला शेवटचं घालायला दुकानातून आणला होता. हयातीत त्याने तो पाहिलाही नव्हता.

माझी बोबडी वळली. खरं सांगतो, माया वगैरे काही आठवलं नाही. ती जादा आकृती मी पुसून टाकली आणि काम चोख झालं अशी स्वतःची समजूत घातली.

वहिनी खेळायला बसल्या. तिसरा खांब आला आणि गेला. त्यांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा. सात-आठ वेळा.

लाजेने मी सगळं परत घरी आणलं. पुसलेलं काही केल्या परत येईना, दादाच्या मूळ प्रतीतही नाही. शेवटी मीच तिथे रस्ता अडवला, मोजून चार फ्रेम, पूर्वीइतकाच. कुणाच्या बापाला फरक कळला नसता.

वहिनींनी खेळून पाहिलं आणि बटणावरचं बोट काढलं.

"हे तुम्ही अडवलंय," त्या म्हणाल्या. "तिथे हे उभे असायचे. डोळ्यांना सवय झाली की दिसायचे. तीन वर्षं नुसती पाठ बघितली मी, भावोजी. आत्ता कुठे वळायला लागले होते." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला चेहरा दिसला होता का हो?"

मी नाही म्हणालो.