खंड्याचं लोटांगण

आमचा कुत्रा खंड्या अकरा महिन्यांचा. रोह्यात सप्ताह बसला, तसा तो रोज माझ्या मागून देवळात येऊन पखवाजापुढे उभा राहायचा. मागचे पाय लटपटायचे, अंग डुलायचं, मग कंबर खचून हनुवटी फरशीला टेकायची. आदेशबुवांनी भर कीर्तनात बोट दाखवलं. बघा म्हणाले, मुक्या जिवाला लोटांगण कळलं. लोकांनी त्याला हार घातला. माझेही डोळे भरून आले, आणि त्याचाच आता मला संताप येतो.

सातव्या दिवशी त्याला अंगणातली पायरी चढेना. शेजारच्या नझीरच्या गाडीतून त्याला पेणला, रामवाडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मागचा पंजा उलटा टेकवला. खंड्या तसाच उभा. आपला पाय कुठे आहे हेच त्याला कळत नाही, त्या म्हणाल्या. दुखणं बहुतेक मणक्यातलं, उद्याच मुंबईला एमआरआय करा. तोवर हलू द्यायचं नाही, एका उडीने पाय कायमचे जातील. आधी का नाही आणलंत, असंही विचारलं. आम्हाला तो नमस्कार वाटला, हे माझ्या तोंडातून बाहेर पडेना.

घरी येते तर ओट्यावर सप्ताह मंडळाचा मिथुन. उद्याच्या काल्याला कोलाड-नागोठण्याची माणसं येणार, फलकावर खंड्याचा फोटो लागलाय, त्याला आणायलाच हवं, म्हणाला.

"त्याला आजार हाय, मिथुन."

"पाचच मिनटं, काकी. उचलून नेतो. तुमच्यासारख्या भाविक बाईने नाय म्हणायचं?"

"माझी भक्ती तू नको मोजू."

संध्याकाळी एकटीच देवळात गेले आणि चालू कीर्तनात उभी राहिले. असं मी जन्मात केलं नव्हतं.

"बुवा, ते लोटांगण नव्हतं. पोर पडत होतं आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उद्या हे लोकांना सांगा."

टाळ थांबले. बुवा हसले. "माऊली, भाव महत्त्वाचा. बसा."

बायका पदर ओढत होत्या. मी बसले नाही, चपला घालून निघाले. घरी येऊन कुलूप उघडलं आणि खंड्याजवळच जमिनीवर आडवी झाले.

सकाळी खंड्याला गाडीत गादीवर निजवलं. देवळाजवळ पखवाज घुमला तसे त्याने कान टवकारले, पुढचे पाय रोवून उठू लागला. मी दोन्ही हातांनी त्याला दाबून धरलं.

नझीरने गाडी हळू केली. "थांबू का, काकी? काला हाय."

"नको. काच वर कर आणि चल."