जनार्दनची थंडीची झोप

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कॅनडातल्या विनिपेगला चला. बाहेर इतकी थंडी आहे, की पापण्यांवर बर्फ जमतोय. तुमच्या हातात एक कासव आहे, पोळीएवढं, आणि त्याला हिवाळाभर झोपायचंय. कुठे निजवाल?

गॅरेजमध्ये ते गोठेल. घरात ऊब असल्यामुळे त्याला धड झोप लागणार नाही आणि अंगातली ताकद मात्र संपत जाईल. मग उरतो फ्रिज. हसू नका. फ्रिज थंड असतो, पण गोठवत नाही, आणि दिवसरात्र एकसारखा राहतो.

विनिपेगमध्ये राहणाऱ्या छोट्या ऊर्मीच्या कासवाचं नाव जनार्दन. त्याच्यासाठी बाबांनी बेसमेंटमधला जुना फ्रिज रिकामा करून आत तापमापक लावला होता. मातीची पेटीही तयार होती. प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी एकच गोष्ट बजावली होती. झोपण्याआधी काही आठवडे जनार्दनला खायला द्यायचं नाही, रोज कोमट पाण्यात बसवायचं आणि पोट पूर्ण रिकामं होऊ द्यायचं. पोटात अन्न ठेवून झोपलेलं कासव कदाचित पुन्हा उठतच नाही.

निजवायच्या दिवशी ऊर्मीने त्याला शेवटचं पाण्यात बसवलं. पाणी स्वच्छ राहायला हवं होतं. पण थोड्याच वेळात त्यात हिरवट शी तरंगू लागली.

नागपूरहून आलेली शीलाआजी जिन्यावर उभी होती. "आजी, तू याला काही दिलंस?" ऊर्मीने विचारलं.

आजीने पदर सारखा केला. "कोबीचं पान दिलं गं. रोज एकच. लेकरू एवढे महिने झोपणार, त्याला काय उपाशी निजवायचं?"

बाबा म्हणाले, एखाद्या पानाने काय होतंय, सगळी तयारी झालीच आहे तर आज निजवून टाकू.

"नो, बाबा. आज नाही," ऊर्मी म्हणाली. "पहिल्यापासून सुरू करायचं."

मग ती आजीजवळ पायरीवर बसली आणि तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, याचं पोट म्हणजे शेगडी. थंडीत ती बंद होते. बंद शेगडीवर भात ठेवला तर?"

"आंबेल," आजी हळूच म्हणाली.

त्या दिवसापासून जनार्दनची राखण आजीकडे गेली. कुणी सफरचंद खात त्याच्याजवळ गेलं तरी ती डोळे वटारायची. पाणी रोज स्वच्छ राहू लागलं, तेव्हा त्याला हळूहळू गार जागेची सवय लावली आणि मग पेटीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं.

उरलेला हिवाळा लांबलचक होता. झोपलेलं कासवही श्वास घेतं, म्हणून ऊर्मी रोज फ्रिजचं दार उघडून आत ताजी हवा जाऊ द्यायची. दर रविवारी ती त्याला अलगद वजनकाट्यावर ठेवायची, कारण वजन झपाट्याने उतरलं तर त्याला लगेच उठवावं लागतं. काटा फारसा हलला नाही. पण जनार्दनही हलला नाही. तो आत खरंच झोपलाय ना, हे पेटीकडे पाहून कुणालाच सांगता येत नव्हतं. ऊर्मी शाळेतून आली की दप्तर न काढताच खाली धावायची.

रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग काळे पडून वितळायला लागले, तेव्हा पेटी बाहेर काढली. ऊर्मीने जनार्दनला खोलीत हळूहळू गरम होऊ दिलं आणि मग कोमट पाण्यात बसवलं. बराच वेळ काहीच झालं नाही. आजीने ऊर्मीचा हात घट्ट धरला होता.

मग कवचातून एक सुरकुतलेला पाय बाहेर आला. पाठोपाठ डोकं आलं. जनार्दनने एक डोळा उघडला, मान पाण्यात घातली आणि तो घटाघटा पाणी प्यायला. कितीतरी वेळ तो पीतच राहिला.

त्याचं पिऊन झाल्यावर ऊर्मीने त्याला मऊ टॉवेलने पुसलं, दोन्ही हातांत नीट धरलं आणि बेसमेंटपासून वरच्या खोल्यांपर्यंत सगळ्या घरातून त्याची मिरवणूक काढली.