सदतिसाव्या फोटोची चावी

एकूण एकसष्ट फोटो होते. त्यातले चोवीस चाव्यांचे. बाकीचे कानशींचे, उघडलेल्या कुलपांच्या पोटांचे आणि आत्याच्या कपाळावर ढकललेल्या चष्म्याचे. चोवीसपैकी पंधरा फोटोंत चावी तिरकी होती किंवा धूसर. उरलेल्या नऊ चाव्यांचे दात मात्र एकेक करून मोजता येत होते. मुंगीने तीनदा मोजून पाहिलं. तिन्ही वेळा नऊच.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. कुठे फट दिसली की ही तिथे हजर, म्हणून आत्यानेच ठेवलेलं. कॉलेज सुटलं की ती आत्याच्या चाव्यांच्या दुकानात येऊन बसायची, फोटो काढायची आणि प्रत्येक फोटोखाली चार ओळींची गोष्ट लिहून तो समाजमाध्यमावरच्या आपल्या खात्यावर टाकायची. अकराशे चाळीस लोक त्या गोष्टी वाचायचे. खात्यावर तिचा भारी जीव.

मोजायची वेळ आली ती दुकानाच्या नेहमीच्या गिऱ्हाईक असलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंमुळे. अर्ध्या तासापूर्वी त्या तरातरा दुकानात आल्या होत्या.

"वर्गातल्या पोरांनी आज मला फोन दाखवला," त्या म्हणाल्या. "म्हणे, बाई, ही तुमचीच चावी ना? निळ्या फाटकाची इमारत, तिसरा मजला, एकटी राहणारी आणि दर महिन्याला चावी हरवणारी शिक्षिका! पोरांना मी सापडले, तर आणखी कुणाला नाही सापडणार?"

मुंगीचा चेहरा पडला. गोष्ट रंगवताना फाटक निळं आहे हे सांगितल्याशिवाय तिला राहवलं नव्हतं.

बाई गेल्या तशी आत्याने चाव्या कापायचं यंत्र बंद केलं. "तीस वर्षं या दुकानात एकच नियम आहे. चावी आणि पत्ता एका खिशात ठेवायचे नाहीत. म्हणून मी पावतीवर नाव लिहीत नाही, म्हणून गिऱ्हाइकाची चावी पालथी ठेवते. आणि तू दोन्ही चव्हाट्यावर मांडलंस?"

"पत्ते चुकलेच. आत्ता काढते. पण आत्या, फोटोने का कुठे कुलूप उघडतं? चित्र ते. त्यात मापं कुठून येणार?"

"मला काय विचारतेस? मला फोनमधलं कळत नाही. तुला चाव्यांमधलं कळतं म्हणतेस ना?"

हे बरोबर वर्मी बसलं. मुंगीने फोनवर सदतिसावा फोटो उघडला. नऊंपैकी तो एकच गिऱ्हाइकाचा नव्हता. आत्याच्याच मागच्या खोलीची चावी होती ती. "हिच्यावर करून बघू या. उघडलं नाही, तर खातं राहील. उघडलं, तर खातं बंद. आणि बाकीच्या आठही घरी मी स्वतः जाऊन सांगेन, कुलपं बदलून देईन."

"जाशील कुणाकडे? पावत्यांवर नावं नाहीत."

मुंगी खाली बघत पुटपुटली, "माझ्या गोष्टींत आहे सगळं."

"वा! धन्य आहेस!" आत्याने खरी चावी खिशात टाकली आणि खिशावर हात ठेवून स्टुलावर बसली.

मुंगीने घड्याळ लावलं, फोटो मोठा केला. चावीच्या डोक्यावर कारखान्याचा शिक्का दिसत होता, आणि त्याच शिक्क्याच्या, अजून दात न कापलेल्या कोऱ्या चाव्या समोर भिंतीवर टांगलेल्या होत्या. तिने एक काढून मोजली. फोटोतली रुंदी, हातातली रुंदी; दोन्हींचं प्रमाण मिळालं की मापं आपोआप उतरत होती. ती जरा चपापली. मापं भिंतीवरून आली होती. मग डोळ्यांत तेल घालून तिने प्रत्येक दात दोनदा मोजला आणि आलेख कागदावर मांडला.

आत्या हळूच वाकली. "तो चौथा एवढा खोल–"

"आत्या, सांगायचं नाही! प्रयोग बिघडतो."

"बरं बाई, तोंडाला कुलूप."

चावी शिकंज्यात आवळून मुंगी कानस फिरवू लागली. आपलं माप चुकावं असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. तरी हात ढिला पडेना. पितळेची भुकटी कागदावर पडत राहिली आणि रेषेला रेष जुळत गेली.

दोघी मागच्या खोलीच्या दाराशी गेल्या. चावी आत गेली, पण फिरली नाही. मुंगीने सुटकेचा निःश्वास टाकला. खातं वाचलं होतं.

चावी बाहेर काढताना तिसऱ्या दातावर तिला एक चकचकीत ओरखडा दिसला. कुठे घासतंय ते ओरखडा सांगतो, हे आत्यानेच शिकवलेलं. तिने आत्याकडे पाहिलं. आत्या छताकडे बघत होती. चावी इथेच खिशात टाकली असती, तर कुणी काही विचारलं नसतं.

"आत्या, हिला थोडं घासलं तर–"

"माझ्या तोंडाला कुलूप आहे."

मुंगी परत शिकंज्यापाशी गेली. तिसऱ्या दातावर दोनदा कानस फिरवली, फुंकर मारली आणि दाराशी आली.

चावी नव्वद अंश फिरली. फोटो उघडल्यापासून दार उघडेपर्यंत अडतीस मिनिटं, वीस सेकंद.