बिनटाकीचं गरम पाणी

"माणसाने अग्नी शोधला, चाक शोधलं, ते सगळं ठीक आहे, पण संस्कृती खरी सुरू होते ती गरम पाण्यापासून!" अशी घोषणा डेल्मर स्टॉडगिलने ॲरिझोनाच्या वाळवंटात भर दुपारी केली. त्या वेळी त्याचं डोकं आपल्या चाकांवरच्या घराच्या कुशीतल्या चौकोनी भोकात होतं आणि उरलेला डेल्मर बाहेर. त्यामुळे विचार भिंतीला कळला, आणि शेजारच्या गाडीतल्या ऑर्व्हिलला नुसती विजार दिसली.

"डेल्मर, पट्टा आवळ रे! रस्त्याने बायामाणसं जातात," ऑर्व्हिल ओरडला.

डेल्मरने जुना गीझर ओढून बाहेर काढला. टाकीत चुन्याचे पापुद्रे खुळखुळत होते. या टाकीने नवराबायकोला मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत अंघोळी घातल्या होत्या. पण डेल्मरच्या बायकोला, लव्हॉनला, अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, आणि तिला स्टुलावर बसवून न्हाऊ घालायची वेळ आली. त्याला वेळ लागे, आणि टाकी एवढीशी. ती कुणासाठी थांबत नसे. गेल्या आठवड्यात डोक्याला साबण असतानाच पाणी गार पडलं. लव्हॉन कुडकुडत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "शेरीलला कळव, मी ओमाहातली ती खोली घेते."

शेरील म्हणजे त्यांची लेक. खोली वृद्धाश्रमातली, एकटीपुरती. नवऱ्यांची सोय तिथे नव्हती.

म्हणून हा बिनटाकीचा गीझर. नळ सोडला की ज्योत पेटते, पाणी वाहता वाहता तापतं आणि गरमपणा संपत नाही. डेल्मरने तो भोकात बसवला, कडेने चिकट पट्टी दाबली, गॅसच्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. ऑर्व्हिलनेही वाकून पाहिलं. उडालाच तर त्याचीही गाडी जाणार होती.

संध्याकाळी लव्हॉन स्टुलावर बसली. ज्योत पेटली, पाणी वाफाळलं, तिने डोळे मिटले. डेल्मरने नळ बंद केला आणि साबण घेतला.

वाळवंटात मुक्काम करणाऱ्यांची ही रीतच. पाणी लांबून कॅन भरभरून आणायचं. साबण लावताना नळ चालू ठेवणाऱ्याशी तिथे कुणी पत्तेसुद्धा खेळत नाही. साबण लावून डेल्मरने नळ सोडला, आणि गार पाण्याचा हबका लव्हॉनच्या मानेवर बसला.

"अगं आई गं!"

डेल्मरने गॅसवाल्याचा उद्धार केला. पाणी तापलं. त्याने नळ बंद करून पाठ चोळली, पुन्हा सोडला, पुन्हा हबका. तिसऱ्यांदा हात नळाकडे गेला तेव्हा लव्हॉनने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"बंद नको करूस."

"अगं, सगळं पाणी जाईल."

"जरा ऐक. तू नळ बंद केलास की बाहेरचं ते यंत्र विझतं. परत सोडलास की त्याला जाग येईपर्यंतचं गार पाणी माझ्या डोक्यावर. टाकी तूच काढलीस ना? मग साठवणीतलं गरम पाणी येणार कुठून?"

दिवसभर भोकात डोकं घालूनही हे डेल्मरच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

त्याने नळ चालू ठेवला. हात दोनदा आपसूक उठला, त्याने तो परत खाली घेतला. मोरीकडे मात्र त्याने पाहिलं नाही. उद्या पुन्हा कॅन घेऊन जावं लागणार होतं. सावकाश त्याने तिचे केस धुतले. उजवा हात, जो तिला हल्ली दुसऱ्या कुणाचा वाटे, तोही बोटाबोटांतून धुतला. कुडकुडणं नव्हतं, घाई नव्हती.

"शेरीलला काय सांगू?" त्याने तिच्या पाठीला विचारलं. तोंडावर विचारायची छाती नव्हती.

लव्हॉनने डाव्या हाताने कपाळावरचा फेस पुसला. पाणी पडत राहिलं.

"सांग, या हिवाळ्यात नाही."

बाहेर ज्योत घुमत होती. आता काहीतरी बोलायलाच हवं, इतक्या वर्षांत राहून गेलेलं, म्हणून डेल्मरने घसा खाकरला.

"डेल्मर," ती म्हणाली, "तुझा बूट माझ्या बोटांवर आहे. तेवढा काढ."